डाव्या हाताचं माप

राखेच्या बुधवारी फादर अंगठ्याने कपाळावर राखेचा क्रूस काढतात, आणि त्या दिवसापासून आमच्या वसईकडच्या वाजवणाऱ्यांना काम उरत नाही. ईस्टरपर्यंत लग्न नाही, साखरपुडा नाही, मांडव नाही. उपवासकाळात कुणी मासळी सोडतं, कुणी दारू, कुणी विडी. वाजवणाऱ्याला वेगळं काही सोडावं लागत नाही. यंदाही चर्चमध्ये मिस्सा करून घरी आलो. बायकोने आधी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे. म्हणाली, "झालं. आता चाळीस दिवस तुमची ती पुसापुशी."

मागच्या खोलीत माझ्या नऊ बेस गिटार आहेत. आकडा मी लपवत नाही. काही भिंतीला, काही पेट्यांत, एक पलंगाखाली. एक जपानी आहे, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका भुईगावकराने आणलेली. एक फुलपाड्यातल्या एका गृहस्थांनी घर बदलताना देऊन टाकली. तिची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, तुटलेली होती. वाजवायला एक पुरते हे मला कळतं. "एका वेळी किती वाजवता?" असं बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. 

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेस गिटारला चार जाड तारा असतात. ती गाण्याची चाल वाजवत नाही, चालीच्या खालून चालते. लग्नातल्या पाहुण्याला विचारा, बेस कोण वाजवत होतं, तर त्याला सांगता येणार नाही. पण बाकावर बसल्याबसल्या मांडीला काहीतरी लागत होतं का, असं विचारा. तो हो म्हणेल. ते मी असायचो.

आज आठवतोय तो उपवासकाळ, जेव्हा माझ्याकडे एकच बेस होती. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नुकताच बीए झालो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे आणि पुढेही ऐकवेन. वडिलांची भुईगावात केळीची वाडी. आजोबा अंगठा उठवायचे, वडील सही करायचे, आणि मी वसईतल्या एका कचेरीत टेबलाशी बसून लोकांचे अर्ज वाचायचो. शनिवार-रविवार लग्नांत वाजवायचो. पहिल्या पगाराचं वर्ष होतं. सायकल नवी होती, घड्याळ नवं होतं, आणि मला बेसही नवी हवी होती.

माझी पहिली बेस बस्त्यावमामाने केलेली. मामा म्हणजे नात्यातला नव्हे, सगळ्या गावाचाच मामा. जातिवंत सुतार. लग्नाचे पलंग, कपाटं, चर्चमधले बाक, शवपेट्या, सगळं करायचा. उपवासकाळात लग्नं बंद, म्हणून पलंगांची कामं बंद, आणि म्हणून त्या चाळीस दिवसांत मामा गिटारी करायचा. समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीत त्याची माडाच्या झापांची शेड होती. त्या दिवसांत ऊन चढायला लागलेलं असतं, आंब्याचा मोहोर गळून वाळूत मिसळलेला असतो, आणि वाऱ्यावर किनाऱ्याच्या सुक्या मासळीचा वास येतो. मासळी सोडलेल्यांना तो नेमका त्याच दिवसांत का जास्त येतो, कोण जाणे. शेडमध्ये शिरलं की तो वास मागे राहायचा आणि डब्यात उकळणाऱ्या सरसाचा पुढे यायचा.

मामाच्या शेडची एक भिंत हातांची होती. गिटार मागायला कुणी आलं, की मामा प्लायचा एक तुकडा पुढे करायचा. "डावा ठेव. बोटं पसर. दाबू नको, ठेव नुसता." मग कानामागची पेन्सिल काढून हाताभोवती फिरवायचा. एकेका बोटाचं पेर धरून वाकवायचा, तळव्यावर अंगठा दाबून बघायचा, गुरांच्या बाजारात दात बघतात तसा. आकृतीवर नाव लिहून तुकडा खिळ्याला टांगायचा. वर्षानुवर्षांचे पंचवीस-तीस डावे हात तिथे लटकत होते. त्यात माझाही होता, लांब बोटांचा. माझ्या बोटांचा मला अभिमान होता. वाडीत काम करणाऱ्या घरातली ती बोटं वाटत नव्हती.

आणि मामाचा एक नियम होता. एका माणसाला तो दुसरी गिटार करून देत नसे. दुसरी हवी तर पहिली आणून द्यायची. ती तो ज्याला बसेल अशा नव्या माणसाला देणार. कितीही विनवा, मामाचं उत्तर ठरलेलं. "डावे हात किती आहेत तुला? एकच ना? मग."

आम्हा बेसवाल्यांना हा नियम जाचायचा. आम्ही होतो तरी किती, आजूबाजूच्या गावांत मिळून सहा-सातजण. रविवारी मिस्सा सुटली की चर्चमागच्या चिंचेखाली जमायचो. बोलणं एकच, कुणाकडे काय नवं आलं. इनास आमच्यात पुढचा. त्याच्याकडे तेव्हाच चार होत्या, तीन बाहेरून जमवलेल्या आणि एक मामाची. त्याची बायको चिंचेखालून जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "घरात गिटारी चार आणि खाट एक. जमिनीवर कोण झोपतं ते विचारा त्याला." आम्ही हसायचो, इनासही हसायचा, आणि लगेच विचारायचा, "बरं, त्या उमेळ्याच्या पोराकडच्या बेसचं काय झालं? विकतोय का तो?"

ही ओढ काय असते, ते ज्याला नाही त्याला समजावणं कठीण. वडिलांनी एकदा मला गाठलंच. मी इनासकडची जपानी बेस बघून आलो होतो आणि जेवताना तिच्याचबद्दल बोलत होतो. ते म्हणाले, "माझ्याकडे कुदळी तीन आहेत."

मी म्हटलं, "बघा. तुम्हालाही तीन लागतात."

"तिन्ही झिजल्यात," ते म्हणाले आणि आमटी ओरपली.

त्या वर्षी एका चर्चचं जुनं छप्पर उतरवलं. मामाने तिथून सागाच्या तुळईचा एक तुकडा आणला. किती वर्षं तो कौलांखाली वाळला होता ते देवाला ठाऊक. मामा त्यावर बोटाचं हाड वाजवून दाखवायचा आणि तुकडा घंटेसारखा बोलायचा. एका बेसपुरतंच लाकूड होतं. चिंचेखाली महिनाभर दुसरा विषय नव्हता. इनासने मामाकडे खडा टाकून बघितला. मामा म्हणाला, माझी जुनी आणून दे आणि घेऊन जा. इनास परत आला. म्हणाला, "एक देऊन एक घेतली तर वाढलं काय?"

मला त्याचं अगदी पटलं. माझी पहिली बेस फणसाच्या लाकडाची, वडिलांच्या वाडीत पडलेल्या झाडाची. तिच्यावर माझा फार जीव होता असं मी लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण खरं नाही. मला दोन हव्या होत्या. इतकंच होतं.

म्हणून मी मधूकडे गेलो.

मधुकर वटारचा. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. अकरावीनंतर त्याने शाळा सोडली आणि वडिलांची फुलांची आणि केळीची वाडी हातात घेतली. त्याला गाण्याबजावण्याचं काही नव्हतं. बुटका, रुंद पंज्याचा. डाव्या करंगळीचं शेवटचं पेर पाण्याच्या इंजिनाच्या पट्ट्यात गेलेलं. मी त्याला म्हटलं, "मामाकडे जा आणि सांग, मला बेस शिकायचीय, ती तुळईची करून दे."

"आणि मग?"

"मग मला आणून दे."

मधू सोनचाफ्याच्या कळ्या काढत होता. हात न थांबवता म्हणाला, "मामाला खोटं सांगायचं?"

"खोटं कसलं? माझ्याऐवजी तू मागायचीस."

"बीएला हे शिकवतात का रे?" तो म्हणाला. पण आला. मित्रासाठी माणूस काय काय करतो.

मीही सोबत गेलो. शेडच्या दाराशी उभा राहिलो, जसा काही सहज आलोय. मामाने मधूकडे वरखाली बघितलं. "वटारची माणसं वाजवायला कधीपासून लागली?"

"आता लागतील," मधू म्हणाला.

मामाने प्लायचा तुकडा पुढे केला. मधूने हात ठेवला. मामाने पेन्सिल फिरवली. करंगळीपाशी थांबला, ते अर्धं पेर दोन बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बीए, जरा बाजूला हो. उजेड अडवतोस."

आता इथे माझी चूक, आणि ती अडाण्याची नव्हती, शिकलेल्याची होती. मला वाटायचं, मामाचं हे मापबिप म्हणजे नुसता सोहळा. दुकानातून आणलेल्या गिटारीला कुणाच्या हाताचं माप असतं? दांडी ती दांडी, चार तारा त्या चार तारा. फणसाची बेस पहिल्या दिवसापासून माझ्या हातात का बसली, याचा मी कधी विचारच केला नव्हता. माझी बोटं लांब म्हणून बसली, असं मी धरून चाललो होतो.

चाळीस दिवस मी चातकासारखी वाट बघितली. कचेरी सुटली की सायकल आपोआप शेडकडे वळायची. कापलेली तुळई, मग तिचं पोट, मग दांडी. मामा काचेच्या तुकड्याने दांडीची पाठ घासायचा आणि बारीक पिवळा भुसा त्याच्या मांडीवर पडायचा. पडद्यांसाठी, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांसाठी, पितळेची तार, खुंट्या मुंबईहून. तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपची गुंडाळी गुंडाळून द्यायचा वसईतला एक रेडिओवाला. शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना करत लोक गल्लीतून जायचे, तेव्हा मामा हत्यार खाली ठेवून दारात गुडघे टेकायचा. मीही टेकायचो. मला नवं वाद्य मिळू दे, असं मी क्रूसाच्या वाटेवर मागितलेलं आहे. लिहायला लाज वाटते, पण मागितलेलं आहे.

तारा मात्र मामा ईस्टरच्या सकाळपर्यंत चढवत नसे. "करायला बंदी नाही, वाजायला आहे," म्हणायचा. त्यामुळे बेस तयार झाली तरी ती हातात घेऊन बघणं कुणालाच शक्य नव्हतं. गुड फ्रायडेला चर्चची घंटाही बंद असते, लाकडी खटखट वाजवतात. त्या दिवशी सुकं ऊन, बंद दुकानं, आणि माझ्या डोक्यात ती बिनतारांची बेस.

ईस्टरला दुपारी मधूने ती गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणली. वडील ओटीवर होते. त्यांनी विचारलं, "काय रे मधू, केळी आणलीस?" मधू म्हणाला, "नाही काका, याची भानगड."

ती दिसायला अशी होती की मी थोडा वेळ तिला हातच लावला नाही. सागाचा रंग मधासारखा झाला होता. मग गळ्यात घेतली, डावा हात दांडीवर ठेवला, आणि हात बसेना.

दांडी आखूड होती, पडदे जवळजवळ. माझी बोटं एका पडद्यावर जायची ती पुढच्यावर पडायची. दांडीची पाठ एका बाजूने जास्त तासलेली, त्यामुळे एक कंगोरा आला होता आणि तो बरोबर माझ्या तळव्यात रुतायचा. दांडी खाली, शेवटाकडे, अशी निमुळती केली होती की तीन बोटांत काम व्हावं. चौथं बोट माझं, धडधाकट, पण त्याला उभं राहायला जागाच नव्हती. मी मधूला म्हटलं, "सवय होईल." मधूने मान हलवली.

झाली नाही. पुढच्या रविवारी ईस्टरनंतरचं पहिलं लग्न होतं. फणसाची बेस घरी ठेवून मी नवीच घेऊन गेलो, कारण इनास त्या लग्नाला येणार होता. दुसऱ्याच गाण्यात माझं बोट भलत्या पडद्यावर पडलं. मग तिसऱ्यात दोनदा. गाणारा माझ्याकडे वळून बघायला लागला. बेसवाल्याकडे कुणी वळून बघणं म्हणजे काय, ते बेसवाल्यालाच कळतं. इनास पहिल्या रांगेत होता. लग्न आटोपल्यावर जवळ आला, बेसवरून प्रेमाने हात फिरवला आणि म्हणाला, "लाकूड एक नंबर. हात कुणाचा आहे हिच्यात?"

दुसऱ्या दिवशी मी मामाकडे गेलो. सोबत मधूला नेलं, कारण तेवढं तरी करायला हवं होतं. मी म्हणालो, "मामा, मधूला दांडी जरा जड जाते. थोडी तासून द्याल?"

मामा पलंगाचा पाय रंधत होता. लग्नाची कामं पुन्हा सुरू झाली होती. त्याने रंधा खाली ठेवला, भिंतीवरून मधूच्या हाताचा तुकडा काढला आणि माझ्यासमोर धरला. "ठेव."

"मामा, माझा कशाला..."

"ठेव."

मी हात ठेवला. माझी बोटं पेन्सिलच्या रेषेच्या वर, बाहेर, चहूकडे गेली होती.  मामा तुकडा तसाच धरून राहिला, आणि मी सगळं सांगून टाकलं. माझ्यासाठी मागितली, पहिली द्यायची नव्हती, मधूचं नाव पुढे केलं.

"मग आता फणसाची आणून दे," मामा म्हणाला. "ही मी तुझ्या हाताची करून देतो. दांडी नवी घालीन."

 खरं सांगायचं तर तिथे, तेव्हा, चोरी पकडली गेलेली असतानाही, माझ्या मनात पहिला विचार हाच आला की मग पुन्हा एकच राहील.

मामाने तेवढी वाट बघितली आणि बेस उचलून मधूच्या गळ्यात घातली. मधू म्हणाला, "मामा, मला यातलं काही येत नाही."

"हात ठेव."

मधूने हात ठेवला. मी बघत होतो. तो कंगोरा त्याच्या तळव्याच्या घडीत जाऊन बसला. अर्धी करंगळी तारेच्या कडेला टेकली, जशी तिची जागा तिथेच होती. उजव्या अंगठ्याने त्याने जाडी तार ओढली. बेस कशालाच जोडलेली नव्हती, तरी शेडच्या बाकावरचे खिळे थरथरले.

"ही याची," मामा मला म्हणाला. "आणि शिकवायचं तू."

त्यात मी घातलेले पैसे मधूने पुढे मला परत केले, ते सोडून देतो. ज्याच्यासाठी चाळीस दिवस झुरलो ते दुसऱ्याच्या गळ्यात बघत त्याला शिकवायचं, हे जड होतं. शिकवणी मधूच्या वाडीत, पाण्याच्या इंजिनापाशी. मी ताल मोजायला सांगायचो, एक दोन तीन चार. मधू मोजायचा नाही. इंजिनाच्या ठोक्यावर वाजवायचा. मी म्हटलं, "इंजिन बंद पडलं तर?" तो म्हणाला, "बंद पडलं तर आधी ते दुरुस्त करायला लागेल." मी चिडायचो. मी शिकलेला माणूस. क्रमाने शिकवत होतो, वहीत आकृत्या काढून देत होतो. त्याने त्या वहीवर चाफ्याचा हिशेब लिहिला.

बस्त्यावमामा गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेडच्या जागी आज तीन मजली इमारत आहे. मामा गेल्यावर मला अडवणारं कुणी उरलं नाही. दुसरी आली, तिसरी आली. पुढे चांगला पगार, मग पेन्शन. दरवेळी नवी घरात येते तो दिवस फार चांगला जातो. इनासचं म्हणणं, पहिले आठ दिवस. माझा अनुभव चार दिवसांचा आहे. उपवासकाळात मी सगळ्या काढतो, पुसतो, तारा सैल करतो, पुन्हा लावतो. यात दुःखाचं काही नाही. कुणी टपाल तिकिटं जमवतं. पण माप घेऊन केलेली त्यात एकच आहे, हेही खरं.

त्या वर्षीच्या नाताळानंतर माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. आमच्याकडे घरच्या लग्नात घरच्या माणसाने वाजवायचं नाही. तो यजमान, त्याने पाहुणे बघायचे. वडिलांनी बजावलं होतं, "आज तुझ्या गळ्यात पट्टा दिसला तर बघ." मग आमच्या बँडला बेसवाला हवा. गाणाऱ्याने मला न विचारता मधूला सांगितलं होतं. सात-आठ महिन्यांच्या शिकवणीवर. मी म्हटलं, अजून कच्चा आहे. गाणारा म्हणाला, "बघू की."

मी मटणाचं भांडं घेऊन पंगतीत वाढत होतो. बँड सुरू झाला. जन्मात पहिल्यांदा मी बेस समोरून ऐकत होतो, पाहुणे ऐकतात तशी. मधू मान खाली घालून, कुणाकडे न बघता वाजवत होता. तिसऱ्या गाण्यात कडवं संपून ध्रुवपद सुरू होतं, तिथे एक जागा आहे. मी तिथे नेहमी पाच-सहा सूर पटापट भरायचो. लोकांना कळायचं नाही, पण इनाससारख्यांना कळायचं, आणि त्यांच्यासाठीच मी ते भरायचो. मधूला ते मी दोन महिने घोटवून शिकवलं होतं.

ती जागा आली आणि मधू थांबला. काहीच वाजवलं नाही. मला वाटलं विसरला. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आणि मग ध्रुवपदाच्या पहिल्या शब्दाबरोबर त्याने जाडी तार एकदाच ओढली. पंगतीतल्या म्हाताऱ्या माणसांनीही माना वर केल्या. नवरी हसली. पुढच्या कडव्यानंतरही त्याने तेच केलं, आणि तिसऱ्या वेळी त्या रिकाम्या जागेची मीच वाट बघत होतो.

गाणं संपल्यावर मी भांडं घेऊनच मंचापाशी गेलो. "ते सूर का सोडलेस? तिथे, ध्रुवपदाआधी?"

मधूने रुमालाने दांडी पुसली. "तिथे काही लागत होतं का?"

मी पुष्कळ काही बोलू शकलो असतो. पाच-सहा सुरांचं शास्त्र मला तोंडपाठ होतं.

"नाही," मी म्हणालो, आणि वाढायला गेलो.